खुर्ची खोल झालीय

"खुर्ची खोल झालीय," बाबा म्हणाले.

संध्याकाळ होती, दिवे अजून लावायचे होते. खिडकीपाशी त्यांची नेहमीची वेताची खुर्ची, आणि ते तिच्यातून उठायच्या खटपटीत होते. एकदा पुढे झुकले, परत मागे टेकले. दुसऱ्यांदा खुर्चीच्या दोन्ही हातांवर जोर देऊन अर्धे वर आले, तिथेच थरथरले आणि धपकन बसले. वेत करकरला. तिसऱ्या खेपेला मी बघतेय हे त्यांच्या लक्षात आलं, तेव्हा ओशाळं हसून ते हे वाक्य बोलले. मीही हसले. "खुर्ची तीच आहे, बसणारा जुना झालाय," असं काहीसं म्हणत मी हात पुढे केला. त्यांनी तो धरला तेव्हा माझ्या खांद्याला हिसका बसला, कारण उठण्याचं सगळं ओझं त्यांनी माझ्या हातावर टाकलं होतं. पायांनी काहीच उचललं नव्हतं. हे मला त्या क्षणी जाणवलं होतं. खांद्याला कळलं होतं. पण माझा विनोद नुकताच झाला होता आणि तो मला आवडला होता.

त्यानंतर किती तरी गोष्टी घडल्या, मोठ्या आणि भीतीदायक. तरी रात्री जाग आली की आठवतं ते हेच वाक्य. त्यांनी लक्षण सांगितलं होतं, अगदी नेमकं, आणि मी त्याला दाद दिली होती.

प्रोस्टेटचा कॅन्सर कळून तेव्हा तीन वर्षं झाली होती. म्हणजे आम्ही त्याला सरावलो होतो. दर तीन महिन्यांनी पोटाच्या कातडीखाली एक इंजेक्शन, दर तीन महिन्यांनी पीएसएचा, म्हणजे प्रोस्टेटच्या पेशी रक्तात सोडतात त्या प्रथिनाचा, रिपोर्ट, आणि मधल्या काळात आजाराचं नाव न घेण्याचा घरातला अलिखित करार. इंजेक्शनाचं काम टेस्टोस्टेरॉन जवळजवळ बंद पाडायचं. पुरुषी संप्रेरक काढून घेतलं की हा कॅन्सर कोमेजतो, हे चार्ल्स हगिन्स या सर्जनने क्लॅरेन्स हॉजेसबरोबर १९४१ मध्ये दाखवून दिलं आणि १९६६ मध्ये त्याला त्याबद्दल नोबेल मिळालं. त्याच्या काळी त्यासाठी वृषणं काढावी लागत. बाबांचं सुईवर भागलं. त्याची किंमत म्हणून त्यांच्या अंगातून एकदम गरम वाफा निघायच्या, कपाळ आणि मान घामाने निथळायची. पहिल्यांदा असं झालं तेव्हा ते घाबरून पंख्याखाली जाऊन उभे राहिले. आई शांतपणे म्हणाली, "माझ्या वेळी हाच पंखा कोण बंद करायचं?" त्या दिवशी आम्ही तिघंही पोट धरून हसलो होतो. सांगायचं इतकंच की संप्रेरक हा शब्द आमच्या घरात नवा नव्हता. फक्त आमच्या डोक्यात त्याची दिशा एकच होती. संप्रेरक गाठीला पोसतं, म्हणून ते तोडायचं. उलटं, गाठच संप्रेरक बनवायला बसेल, हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

मग हळूहळू, खरं तर हळूहळू नाहीच, पाच-सहा आठवड्यांत, बाबा बदलत गेले. घोटे सुजले; मोजे काढल्यावर त्यांच्या इलॅस्टिकची वळं रात्रीपर्यंत कातडीवर राहायची. आम्ही म्हटलं, बसून असतात ना दिवसभर. साखर एकदम वर गेली. म्हटलं, वयच आहे. रक्तदाबाच्या एका गोळीच्या तीन झाल्या, तरी वरचा आकडा १८०च्या खाली यायला तयार नव्हता. म्हटलं, काळजी करतात फार. दंड आणि मांड्या वाळत चालल्या, पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं. म्हटलं, कॅन्सरच तो. रंग काळवंडला, त्यातही बोटांची पेरं आणि तळहातांच्या रेषा अशा गडद झाल्या की पेनाने गिरवल्यासारख्या दिसायच्या. त्यावर तर आम्ही काही म्हटलंच नाही. प्रत्येक तक्रारीला उत्तर तयार होतं आणि एकेकटं पाहिलं तर प्रत्येक उत्तर पटण्यासारखं होतं. शिवाय पीएसए होता ०.३, म्हणजे अगदी कमी. तो कागद आम्ही ढालीसारखा पुढे धरला होता. त्याच्यामागे आपण सुरक्षित आहोत असं आम्हांला मनापासून वाटत होतं, आणि आम्हांलाच नव्हे, तपासणाऱ्यांनाही वाटत होतं.

स्वभावाचं काय करायचं, हे मात्र कळत नव्हतं. बाबा हे कमी बोलणारं, कमी जागा व्यापणारं माणूस. जन्मात त्यांनी आवाज चढवलेला मला आठवत नाही. ते न्हाणीघरातला दिवा चालू राहिला म्हणून आईवर इतके ओरडले की शेजारचं दार उघडलं. चष्म्याचं घर भिंतीवर फेकलं. दुसऱ्या दिवशी त्याच आवेगाने सगळी कपाटं रिकामी करून पुन्हा लावली, एकटेच गुणगुणत. झोप तर पार उडाली होती. रात्री दोन वाजता घरातून चपलांचा आवाज यायचा, नळ सुटायचा, पाणी प्यायल्याचा घटघट आवाज, परत चपला. आई म्हणाली, म्हातारपणी स्वभाव उलटतो माणसाचा. मी एकदा चिडून म्हणाले, "बाबा, तुम्ही हे मुद्दाम करताय." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि फार प्रामाणिकपणे विचारलं, "असं वाटतं का गं?"

अशाच एका रात्री, अडीच वाजले असतील, मी उठून बाहेर आले. ते अंधारात उभे होते. खुर्चीत बसायचं त्यांनी टाळायला सुरुवात केली होती, हे मला नंतर उमगलं. मी दिवा लावायला गेले तर म्हणाले, राहू दे. आणि मग बोलायला लागले. भरभर, न थांबता, माझ्याकडे न बघता. "तुला ठाऊक आहे का, मी तुला घाबरायचो. तू मोठी झालीस तेव्हापासून. तू खोलीत आलीस की मी वर्तमानपत्र उचलायचो. वाचायला नाही. आता ही काही विचारेल आणि मला उत्तर येणार नाही, असं वाटायचं. वाचलेलंच पान परत वाचायचो. तू निघून गेलीस की खाली ठेवायचो आणि मग वाटायचं, हाक मारावी." थोडं थांबले. "बरीच वर्षं गेली यात."

मी काय बोलले, आठवत नाही. बहुधा काहीच नाही. पण त्या वर्तमानपत्राची मागची बाजू मला पाठ होती. माझं सगळं तारुण्य मी ती मागची बाजू वाचण्यात घालवलं होतं. ते पान म्हणजे नापसंती, अशी मी माझी समजूत करून घेतली होती आणि तिच्यावर बरंच काही उभं केलं होतं: काही हट्ट, काही निर्णय, घरापासून राखलेलं अंतर. ते सगळं त्या रात्री एका बाजूला कललं. पहाटेपर्यंत मी जागी होते, आणि खोटं कशाला बोलू, सुखात होते.

नवव्या दिवशी ते न्हाणीघरात पडले.

इमर्जन्सीत रक्त तपासलं तर पोटॅशियम २.१. ते किमान ३.५ असावं लागतं. ईसीजी बघून धावाधाव सुरू झाली. इतक्या कमी पोटॅशियमवर हृदयाची लय केव्हाही बिघडू शकते, असं कुणीतरी माझ्या बाजूने जाता जाता सांगून गेलं. तिसऱ्या दिवशी वॉर्डात एक तरुण डॉक्टर आली. तिने फाइल उघडायच्या आधी बाबांचा तळहात उलटा करून उजेडात धरला. "या रेषा कधीपासून अशा?" तिने मला विचारलं आणि मला सांगता आलं नाही. मग तिने त्यांना खुर्चीत बसवलं. हातांची छातीशी घडी घालायला सांगितली आणि म्हणाली, "आता हात न लावता उठा, काका." बाबांनी मान पुढे काढली, पावलं मागे घेतली, सगळं नीट केलं. मांड्यांवरची पायजम्याची चुणीसुद्धा हलली नाही. त्यांनी तिच्याकडे बघून तेच ओशाळं हसू हसलं. मला वाटलं, आता ते खुर्चीचं वाक्य बोलणार. नाही बोलले.

कॉर्टिसोल सकाळी तपासलं, मध्यरात्री तपासलं. हे संप्रेरक निरोगी माणसात पहाटे चढतं आणि मध्यरात्री तळाला जातं. बाबांच्या दोन्ही आकड्यांत फरकच नव्हता, आणि दोन्ही भलतेच वर. मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसून ते बनवणाऱ्या अॅड्रिनल ग्रंथी स्कॅनमध्ये फुगलेल्या दिसल्या, पण दोष त्यांचा नव्हता. त्या हुकमाच्या ताबेदार. हुकूम देणारं एसीटीएच हे संप्रेरक एरवी मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून येतं. इथे ते पोटातल्या एका सुजलेल्या लसिकाग्रंथीतून आणि तिच्यासारख्या इतर ठिकाणांहून येत होतं, जिथे प्रोस्टेटच्या पेशी जाऊन राहिल्या होत्या. सुईने तुकडा काढला, त्याच्यावर क्रोमोग्रॅनिन आणि सिनॅप्टोफायसिन या, संप्रेरक सोडणाऱ्या पेशींच्या खुणांचे रंग चढले. स्मॉल सेल, न्यूरोएंडोक्राइन. ही आमची तीन वर्षांच्या ओळखीची गाठ राहिलेली नव्हती.

मला हे कळायला वेळ लागला. डॉक्टर मुलीने कागदाच्या पाठीवर चित्र काढून समजावलं. प्रोस्टेटमध्ये मुळातच थोड्याशा न्यूरोएंडोक्राइन पेशी असतात, इकडे-तिकडे विखुरलेल्या, थोड्या मज्जातंतूच्या वळणाच्या, थोड्या ग्रंथीच्या. टेस्टोस्टेरॉनशी त्यांचं काही देणंघेणं नसतं. आपण ते तोडतो तेव्हा बाकीच्या कॅन्सर पेशी उपाशी पडतात, आणि त्यांतल्या काही जगण्यासाठी हे दुसरं रूप धरतात. ते रूप धरलं की पीएसए बनवायचं त्या सोडून देतात. म्हणून आमचा ०.३. गाठ वाढत होती आणि कागद गप्प होता. शरीराच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत सगळी संप्रेरकं बनवण्याचे नमुने असतातच, फक्त आपल्या कामाचे नसलेले मिटलेले असतात. कॅन्सरमध्ये ही मिटलेली पानं उघडी पडू शकतात. बाबा उशीला टेकून ऐकत होते. मधेच त्यांनी विचारलं, "म्हणजे हे सगळं नेमकं करतंय कोण?" ती थबकली. मग म्हणाली, "तुमच्याच पेशी, काका. पण त्यांना आता तुमचं भान नाही."

एका संप्रेरकाने एवढं सगळं होतं? होतं. कॉर्टिसोल स्नायूंमधलं प्रथिन मोडतं, आणि आधी धडाजवळचे मोठे स्नायू जातात, मांड्यांचे, खांद्यांचे. म्हणून जिना आणि खुर्ची. साखर वाढवतं. एरवी मूत्रपिंडात एक विकर त्याला निष्प्रभ करून टाकतं, पण असा पूर आला की त्या विकराचा निभाव लागत नाही. मग कॉर्टिसोल दुसऱ्याच संप्रेरकाच्या जागी जाऊन बसतं. मीठ अंगात अडतं, पोटॅशियम लघवीवाटे वाहून जातं. म्हणून सूज, म्हणून रक्तदाब, म्हणून पाय गळून जाणं. रेषा काळ्या पडतात त्या एसीटीएचमुळे, रंग बनवणाऱ्या पेशींना ते चेतवतं. कॉर्टिसोल असं वाढण्याला कुशिंग म्हणतात; पुस्तकातल्या कुशिंगच्या रुग्णाचा चेहरा चंद्रासारखा गोल असतो, पोट सुटलेलं असतं, पण तो चेहरा घडायला सवड लागते. गाठीच्या घाईत ती मिळत नाही. माणूस गोल व्हायच्या ऐवजी वाळतो, आणि बघणारे म्हणतात, कॅन्सरच तो.

या सगळ्याला पॅरानिओप्लास्टिक सिंड्रोम म्हणतात. गाठ जिथे आहे तिथे ती दाबतेय, कुरतडतेय म्हणून होणारा त्रास वेगळा. हा तिने सोडलेल्या रसायनांचा, दूरवरचा. वॉर्डातल्या खुर्चीत बसून फोनवर मी हे वाचत बसायचे. हार्वे कुशिंगने १९१२ मध्ये वर्णन केलेला आजार त्याने पुढे, १९३२ मध्ये, पीयूषिकेतल्या गाठीशी जोडला. पण त्याआधी, १९२८ सालीच, ब्राउन नावाच्या डॉक्टरने एका बाईची हकीकत छापली होती: मधुमेह, चेहऱ्यावर दाढी, आणि फुप्फुसात स्मॉल सेल कॅन्सर. या दोन गोष्टींचा धागा जुळायला १९६०चं दशक उजाडावं लागलं. मला त्या बाईचा फार विचार यायचा. तिच्या घरचे तिला काय म्हणाले असतील? या मार्गाने येणारी सोंगंही अनेक. कुणाची गाठ पाणी अडवणारं संप्रेरक सोडते आणि रक्तातलं सोडियम पातळ होत जातं. १३५च्या वर असायला हवं ते ११०-११५ वर आलं की माणूस बरळतो, वार विसरतो, त्याला फिट येते. घरचे म्हणतात, स्मृतिभ्रंश. श्वार्ट्झ आणि बार्टर यांनी हे १९५७ मध्ये फुप्फुसाच्या कॅन्सरच्या दोन रुग्णांत ओळखलं. प्रोस्टेटच्या स्मॉल सेलमध्येही ते आढळतं. कुणाचं कॅल्शियम चढतं: तहान, बद्धकोष्ठ, गुंगी. प्रोस्टेटमध्ये हे तसं नवलाचं, कारण हा कॅन्सर हाडांत गेला की बहुधा हाड घट्ट करतो, त्यामुळे उलट कॅल्शियम कमी पडायचीच शक्यता जास्त. आणि कुणाचं फॉस्फेट वाहून जातं, हाडं ठणकतात. सगळं दुर्मीळ आहे. मात्र मूत्रमार्गाच्या कॅन्सरांमध्ये किडनीखालोखाल असले प्रकार प्रोस्टेटमध्येच नोंदले गेलेत. काही वेळा तर कॅन्सरचा पत्ता लागायच्या आधी हेच येऊन उभं राहतं.

मी त्या मुलीला विचारायचं टाळत होते ते एक दिवस जिन्यात विचारलं. स्वभाव? ती म्हणाली, हो, कॉर्टिसोल मेंदूवरही काम करतं. झोप जाते, चिडचिड होते, कुणी एकदम उत्साहात येतं, खूप बोलायला लागतं, भास होतात. "घरच्यांना कळत नाही. तुम्ही मनाला लावून घेऊ नका ते बोललेलं." तिने हे किती मायेने म्हटलं. मी मान डोलावली. आईला जाऊन सांगितलं की न्हाणीघरातल्या दिव्यावरून झालेलं ते सगळं गाठीच्या रसायनाचं होतं, त्यांचं नव्हतं. आईच्या चेहऱ्यावरून एक घडी उलगडल्यासारखी झाली. चष्म्याचं घर माफ झालं.

आणि मी? चष्म्याचं घर गाठीच्या खात्यावर टाकायचं, तर अडीच वाजताचं ते बोलणं कुणाच्या खात्यावर? उत्साह, बडबड, झोप उडणं, सगळं त्याच रिपोर्टात होतं. ओरडणं रसायनाचं आणि माया मात्र बाबांची, अशी वाटणी मला हवी होती, आणि ती लबाडी आहे हेही कळत होतं. उलटही मी घोळवून पाहिलं: कॉर्टिसोलला माझं नाव माहीत नाही, वर्तमानपत्र माहीत नाही. पूर आला म्हणून पाटाचं झाकण उघडलं असेल, पण वाहून आलं ते आतलंच ना. मग ओरडणंही आतलंच? चाळीस वर्षं न्हाणीघरातला दिवा बघत ते गप्प राहिले होते, आणि तो राग तेवढा खरा होता? आईला हे सांगायची माझी छाती झाली नाही. अजून नाही.

पोटॅशियम शिरेतून भरलं. कॉर्टिसोल अडवायला एक जुनी बुरशीवरची गोळी दिली, किटोकोनॅझोल. ही मूळची बुरशीची, पण संप्रेरकं बनण्याची वाटच तोडते म्हणून इथे वापरतात. यकृताच्या तपासण्या करत करत ती चालू ठेवायची. मूळ गाठीसाठी केमोथेरपी: प्लॅटिनमचं एक औषध आणि इटोपोसाइड. पहिल्या दोन फेऱ्यांना चांगला गुण आला. अशा गाठी आधी झपाट्याने विरतात आणि नंतर तेवढ्याच झपाट्याने परततात, हे आम्हांला आधी सांगितलं होतं आणि झालंही तसंच. पाच महिन्यांनी बाबा गेले. पण मधले काही आठवडे होते. घोटे उतरले, चपलांचा रात्रीचा आवाज थांबला. ते झोपायला लागले. बोलणं आटलं. आवाज पुन्हा पहिल्यासारखा, शेवटचा शब्द गिळणारा झाला. मी रोज थोडी थोडी कान देऊन ऐकायचे, की काय किती उरलंय.

एकदा त्यांनी विचारलं, "मी बरंच काही बोललो म्हणे त्या दिवसांत."

"हो."

"वाईट?"

"दोन्ही," मी म्हटलं. त्यांनी पुढे विचारलं नाही, आणि मीही नाही. मला वाटतं, आम्ही दोघांनीही एकाच वेळी माघार घेतली.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी सकाळी मी खोलीत गेले. ते खिडकीपाशी त्यांच्या खुर्चीत होते, खाली दोन उशा घालून उंच केलेल्या. माझी चाहूल लागली आणि त्यांनी वर्तमानपत्र उचललं. अगदी सहज, नेहमीच्या त्या एका हालचालीत. कागद फडफडला आणि चेहरा दिसेनासा झाला. उन्हात त्यांची बोटं तेवढी दिसत होती, पेरं अजून काळी होती. रक्ताचा रिपोर्ट आदल्या दिवशीच आला होता, कॉर्टिसोल आटोक्यात. मी दारातच उभी राहिले. मला रडू येतंय की हसू, हे काही क्षण ठरेना. मग आत जाऊन समोर बसले आणि त्या मागच्या पानाला विचारलं, "काय, खुर्ची वर आली का?"

कागद हलला नाही.

"थोडीशी," पलीकडून आवाज आला.